जेम्स नदीच्या काठी : सनद, सभा आणि नागरिकत्व

अमेरिकेतील मुलामुलींकडे चार-सहा महिन्यांसाठी जाणाऱ्या ज्येष्ठांचा प्रवासक्रम बहुधा ठरलेला असतो. नायगारा, न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, वॉशिंग्टनचे संसदभवन आणि जमल्यास एखादे मंदिर. व्हर्जिनिया राज्याच्या आग्नेय टोकाकडे, जेम्स आणि यॉर्क या दोन नद्यांमधील चिंचोळ्या भूभागाकडे वळणारे थोडे. वस्तुतः ज्या देशाचे नागरिकत्व घरातील पुढची पिढी स्वीकारते आहे, किंवा स्वीकारावे की नाही या विचारात आहे, त्या देशाच्या शासनसंस्थेची मुळे येथे जितकी उघडी दिसतात तितकी अन्यत्र क्वचितच दिसत असतील.

जेम्सटाउन, विल्यम्सबर्ग आणि यॉर्कटाउन ही तीन गावे ‘कलोनिअल पार्कवे’ नावाच्या सुमारे ३७ किलोमीटरांच्या रस्त्याने जोडलेली आहेत. या रस्त्यावर मालमोटारींना मज्जाव आहे. दोन्ही बाजूंस दाट झाडी, मधूनच नदीचे विस्तीर्ण पात्र, विटांच्या कमानींचे पूल. रस्त्याच्या एका टोकाला १६०७ साली इंग्रजांची वसाहत सुरू झाली; दुसऱ्या टोकाला १७८१ साली त्यांच्या सैन्याने शस्त्रे खाली ठेवली. पावणेदोनशे वर्षांचा हा कालपट एका दिवसाच्या प्रवासात पाहता येतो.

कंपनीची सनद

जेम्सटाउन हे आज गाव उरलेले नाही. नदीकाठी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातील विटांचा एक मनोरा, त्याला लागून १९०७ साली जुन्या पायावर उभारलेले चर्च आणि लाकडी खांबांनी आखलेली किल्ल्याची त्रिकोणी मर्यादा एवढेच दृष्टीस पडते. मूळ किल्ला नदीने गिळला असाच समज दीर्घकाळ रूढ होता. १९९४ पासून सुरू झालेल्या उत्खननाने तो खोटा ठरविला आणि किल्ल्याची जागा जमिनीवरच सापडली.

या वसाहतीचा पाया व्यापारी होता, ही गोष्ट व्यापारी कुटुंबांतील वाचकांस विशेष वाटावी. राजा पहिला जेम्स याने एप्रिल १६०६ मध्ये दिलेल्या सनदेनुसार व्हर्जिनिया कंपनी स्थापन झाली. मे १६०७ मध्ये तीन जहाजांतून आलेले १०४ पुरुष व मुलगे येथे उतरले. १६०९ च्या दुसऱ्या सनदेनंतर कंपनीने साडेबारा पौंडांना एक याप्रमाणे आपले भाग जनतेस विक्रीस काढले. लंडनच्या पन्नासहून अधिक व्यवसायसंघांनी आणि सहाशेहून अधिक व्यक्तींनी ते घेतले. ज्याच्यापाशी पैसा नव्हता, पण समुद्रापलीकडे जाऊन राहण्याची तयारी होती, त्याचे जाणे हेच एक भाग मानले गेले. एकाचे भांडवल रोख रकमेचे, दुसऱ्याचे स्वतःच्या जिवाचे.

जिवाची ही जोखीम शब्दशः खरी होती. १६०९-१० च्या हिवाळ्यात अन्नाच्या दुर्भिक्ष्याने वसाहतीत सुमारे ६० माणसेच जिवंत राहिली. सोने सापडले नाही. पैसा उभा करण्यासाठी कंपनीला १६१२ पासून सोडतीही काढाव्या लागल्या. जॉन रॉल्फ याने तंबाखूची लागवड यशस्वी केली, तेव्हा कोठे निर्यातीस योग्य असा माल हाती आला.

या काळात कंपनीचा कारभार पाहणारे सर थॉमस स्मिथ हे लंडनचे मातब्बर व्यापारी. १६०० साली सनद मिळालेल्या ईस्ट इंडिया कंपनीचे पहिले गव्हर्नरही हेच. म्हणजे भारताशी व्यापार करणारी आणि अमेरिकेत वसाहत करणारी अशा दोन्ही कंपन्यांची सूत्रे एकाच शहरातील एकाच गृहस्थाच्या हाती होती. मात्र दोन्ही सनदांच्या परिणामांत मोठा भेद पडला. व्हर्जिनियाच्या सनदेत असे कलम होते की, वसाहतीत राहणाऱ्या प्रजाजनांस व तेथे जन्मणाऱ्या त्यांच्या मुलांस इंग्लंडमध्ये जन्मलेल्यांप्रमाणेच सर्व हक्क राहतील. पुढे अमेरिकनांनी राजाशी जो वाद घातला तो याच कलमाच्या बळावर. ईस्ट इंडिया कंपनीचे भागधारक मात्र लंडनमध्येच राहिले आणि त्यांची सभाही तेथेच भरत राहिली. ज्यांच्यावर तिने पुढे राज्य केले त्या भारतीयांना त्या सभेत कधी जागा मिळाली नाही.

चर्चमधील सहा दिवस

दूर लंडनहून चालविलेला कारभार जमत नाही आणि नवे लोक येण्यास कचरतात हे पाहून कंपनीने १६१८ साली नवे धोरण आखले. स्वखर्चाने येणाऱ्यास, अथवा दुसऱ्याचा प्रवासखर्च सोसणाऱ्यास, दर माणशी ५० एकर जमीन द्यावी आणि वस्त्यांच्या प्रतिनिधींची सभा भरवावी असे ठरले. त्यानुसार ३० जुलै १६१९ रोजी गव्हर्नर जॉर्ज यिअर्डली, त्यांचे सल्लागार मंडळ आणि ११ वस्त्यांतून निवडून आलेले २२ प्रतिनिधी जेम्सटाउनच्या चर्चमध्ये एकत्र आले. या प्रतिनिधींस ‘बर्जेस’ म्हणत. अमेरिकेतील प्रातिनिधिक शासनाचा आरंभ या सभेपासून मानतात. आजचे चर्च त्याच जागेवर आहे.

सभेचे कामकाज पाहिले तर एखाद्या पेढीच्या भागीदारांची बैठक चालली असावी असे वाटते. प्रथम सदस्यांची पात्रता तपासली गेली. जॉन मार्टिन नावाच्या जमीनदाराच्या दोन प्रतिनिधींना बसू दिले नाही, कारण त्याच्या जमिनीच्या पट्ट्यात वसाहतीच्या कायद्यांपासून सूट होती. कायदा ज्याच्यावर बंधनकारक नाही, त्याने कायदा करण्यात भाग घेऊ नये, हे तत्त्व पहिल्याच दिवशी ठरून गेले. नंतर तंबाखूचे भाव कायम झाले : उत्तम प्रतीला पौंडामागे तीन शिलिंग, दुय्यम प्रतीला अठरा पेन्स. सभापती, लेखनिक आदींच्या मेहनतान्यासाठी सोळा वर्षांवरील प्रत्येक पुरुषाकडून एक पौंड तंबाखू घ्यावी असा करही बसला. उकाडा असह्य होता. एक प्रतिनिधी सभा चालू असतानाच मरण पावला. ४ ऑगस्टला सभा आटोपती घ्यावी लागली.

व्हर्जिनिया कंपनी मात्र टिकली नाही. कर्ज, भांडणे, रोगराई आणि १६२२ मध्ये स्थानिक जमातींनी केलेला मोठा हल्ला यांमुळे ती खचली. १६२४ साली न्यायालयाने तिची सनद रद्द केली आणि वसाहत थेट राजाच्या अखत्यारीत गेली. तरीही प्रतिनिधींच्या बैठका भरत राहिल्या आणि पुढे राजालाही त्या मान्य कराव्या लागल्या. कंपनी बुडाली, पण तिची सभा उरली.

उत्तरेकडे मॅसॅच्युसेट्समध्ये हेच निराळ्या रीतीने घडले. तेथील कंपनीच्या १६२९ च्या सनदेत सभा कोठे भरावी याचा उल्लेख राहून गेला होता. जॉन विन्थ्रॉप यांनी १६३० मध्ये सनदच बरोबर घेऊन समुद्र ओलांडला. कंपनीचा गव्हर्नर वसाहतीचा गव्हर्नर झाला, आणि ‘फ्रीमन’ म्हणजे कंपनीचा सभासद हाच मतदार झाला. त्या राज्याच्या विधिमंडळाचे अधिकृत नाव आजही ‘जनरल कोर्ट’, म्हणजे कंपनीच्या सर्वसाधारण सभेचे जुने नाव, असेच आहे.

खात्यावर नसलेली माणसे

चर्चमधील सभा संपून महिनाही झाला नसेल, तोच ऑगस्ट १६१९ च्या अखेरीस जवळच्या पॉइंट कम्फर्ट या बंदरात एका जहाजातून वीसहून काही अधिक आफ्रिकी स्त्री-पुरुष उतरविण्यात आले. धान्यसामग्रीच्या मोबदल्यात त्यांची खरेदी झाली. स्वराज्याची पहिली सभा आणि माणसांचा पहिला सौदा, या दोन घटना एकाच ठिकाणच्या, एकाच उन्हाळ्यातील आहेत. पुढे १६६२ मध्ये त्याच प्रतिनिधिसभेने कायदा केला की, मूल गुलाम की स्वतंत्र हे त्याच्या आईच्या स्थितीवरून ठरेल. जन्माने हक्क मिळतात हे तत्त्व सनदेत होते; जन्माने हक्क हिरावले जातात हे तत्त्व या कायद्याने आणले.

ज्यांची ही भूमी होती ते पाउहाटन संघातील लोक तर कोणत्याच सभेत नव्हते. १६४६ व १६७७ च्या तहांनी त्यांच्यावर वार्षिक खंडणी बसली. त्यांच्यापैकी पामंकी आणि मॅटापोनी या जमातींचे प्रमुख आजही दर नोव्हेंबरमध्ये रिचमंड येथे राज्याच्या गव्हर्नरांच्या निवासस्थानी जाऊन ही भेट विधिपूर्वक देतात. साडेतीनशे वर्षे त्यांनी आपल्या बाजूचा करार मोडलेला नाही. अमेरिकेतील सर्व मूलनिवासींना देशाचे नागरिकत्व देणारा कायदा व्हायला मात्र १९२४ साल उजाडावे लागले.

या दप्तरात पूर्वेकडील एका माणसाचीही नोंद आहे. जॉर्ज मेनिफी या व्यापाऱ्याने १६३५ साली जमिनीवर हक्क सांगताना, ज्यांचा प्रवासखर्च आपण सोसला अशा माणसांची यादी दिली. त्यात ‘टोनी, ईस्ट इंडियन’ असे एक नाव आहे. त्याचे खरे नाव, गाव, पुढचे आयुष्य यांची नोंद तेथे नाही. दुसऱ्याच्या पन्नास एकरांच्या मागणीतील एक ओळ एवढेच त्याचे अस्तित्व.

विल्यम्सबर्ग : इमारतीत उतरलेली राज्यघटना

१६९९ मध्ये राजधानी जेम्सटाउनहून विल्यम्सबर्गला आली आणि १७८० पर्यंत तेथेच राहिली. १९२६ पासून जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांच्या द्रव्यसाहाय्याने या गावाचा जीर्णोद्धार झाला. जुन्या पायांवर इमारती उभ्या राहिल्या. छापखाना, लोहारशाळा, पागोटेवाल्यांप्रमाणे केसांचे टोप बनविणाऱ्यांची दुकाने, सारे त्या काळाच्या वेषातील माणसे चालवून दाखवितात.

यातील विधानभवनाची, म्हणजे ‘कॅपिटॉल’ची रचना लक्ष देऊन पाहण्याजोगी आहे. इंग्रजी एच अक्षरासारखी दोन दालने आणि त्यांना जोडणारा मधला भाग. एका दालनात निवडून आलेले बर्जेस बसत; दुसऱ्यात राजाने नेमलेले सल्लागार मंडळ बसे आणि तेथेच सर्वोच्च न्यायालय भरे. मतभेद झाल्यास दोहोंची एकत्र बैठक मधल्या दालनात होई. थोड्या अंतरावर गव्हर्नरांचा वाडा. जनतेची सभा, वरिष्ठ सभा आणि कार्यकारी प्रमुख ही आजच्या अमेरिकन शासनाची मांडणी येथे विटांमध्ये दिसते. १७८७ ची राज्यघटना लिहिणाऱ्यांनी ओळखीची घडण घेतली. राजा काढून टाकला आणि नेमणुकीच्या जागी निवडणूक व परस्पर नियंत्रण आणले.

राजाशी बिनसले तेही पैशाच्या प्रश्नावर. ज्या सभेत वसाहतीचा प्रतिनिधी नाही, त्या लंडनच्या संसदेने कर बसवू नये, हा वसाहतींचा आक्षेप होता. १७६९ मध्ये आणि पुन्हा १७७४ मध्ये गव्हर्नरांनी सभा बरखास्त केली, तेव्हा सदस्य रस्त्यावरच्या रॅले टॅव्हर्न या खानावळीत जमले आणि बहिष्काराचे ठराव त्यांनी तेथे केले. १७७३ मध्ये बोस्टनच्या बंदरात बुडविलेला चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता. एका कंपनीच्या वारसांनी दुसऱ्या कंपनीच्या मक्तेदारीविरुद्ध उठाव केला, असे त्याचे वर्णन करता येईल.

धर्माच्या बाबतीत या वसाहतीत मोकळीक नव्हती. इंग्लंडच्या चर्चमधील उपस्थिती कायद्याने सक्तीची होती आणि त्याच्या खर्चासाठी सर्वांना कर द्यावा लागे. थॉमस जेफरसन यांनी तयार केलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा १७८६ मध्ये संमत झाल्यावर ही सक्ती संपली. पुढे राज्यघटनेनेही कोणत्याही पदासाठी धर्माची अट असू नये असे स्पष्ट केले. आज अमेरिकेतील गावोगावी भारतीयांची मंदिरे निर्वेध उभी राहतात, त्यामागील तत्त्वाची चाहूल या दोन लेखांत लागते.

यॉर्कटाउन आणि कॉर्नवॉलिस

पार्कवेच्या पूर्व टोकाला यॉर्क नदीच्या उंच काठावर मातीचे तट आणि जुन्या तोफा आहेत. येथे १९ ऑक्टोबर १७८१ रोजी लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या सात हजारांहून अधिक सैन्याने जॉर्ज वॉशिंग्टन आणि त्यांचे फ्रेंच मित्र यांच्यापुढे शरणागती पत्करली. कॉर्नवॉलिस प्रकृतीचे कारण सांगून समारंभास आलाच नाही.

मराठी वाचकाला हे नाव दुसऱ्या संदर्भात परिचित आहे. पाचच वर्षांनी तो कलकत्त्यास गव्हर्नर जनरल म्हणून आला. टिपू सुलतानाविरुद्धच्या १७९० ते १७९२ च्या युद्धात हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा त्याच्या बाजूने लढल्या. १७९३ मध्ये त्याने बंगालमध्ये कायमधारा पद्धत आणली. अमेरिकेत पराभूत झालेली राजसत्ता भारतात त्याच सेनापतीच्या हस्ते अधिक दृढ झाली.

दार कोणासाठी

स्वातंत्र्य मिळाले, पण भागधारक कोण हा जुना प्रश्न सुटला नव्हता. १७९० च्या पहिल्या नागरिकत्व कायद्याने परदेशातून आलेल्या ‘स्वतंत्र गोऱ्या व्यक्ती’पुरतेच दार उघडले. यादवी युद्धानंतर १८६८ मध्ये चौदाव्या घटनादुरुस्तीने, अमेरिकेत जन्मलेला व तिच्या अधिकारक्षेत्रातील प्रत्येक जण नागरिक, असे ठरविले. १८७० मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांना नागरिकत्वाचा अर्ज करण्याचा हक्क मिळाला. आशियातून आलेल्यांना तो मिळाला नाही.

पंजाबातून गेलेले आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात काम केलेले भगतसिंग थिंड यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. सामान्य माणूस ज्यांना ‘गोरे’ समजतो त्यांत हिंदी माणूस येत नाही, असा निर्णय १९ फेब्रुवारी १९२३ रोजी झाला. ज्या हिंदी लोकांना आधी नागरिकत्व मिळाले होते, त्यांचेही ते काढून घेण्यास सरकारने आरंभ केला.

सॅन फ्रान्सिस्कोतील दुकानदार वैष्णोदास बगाई हे त्यांपैकी एक. पेशावरहून १९१५ मध्ये पत्नी व मुलांसह भांडवल घेऊन ते आले, १९२१ मध्ये नागरिक झाले. ते नागरिकत्व गेले, कॅलिफोर्नियाच्या कायद्यामुळे मालमत्ता व दुकान सोडावे लागले, भारतात जाण्यासाठी अमेरिकेचा पारपत्र नाकारला गेला. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. ज्याने नव्या देशाच्या शब्दावर विसंबून सर्व पुंजी तेथे लावली, त्या व्यापाऱ्याची ही कथा कोणत्याही पेढीने विसरू नये अशी आहे.

थिंड यांचे एक वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरही नागरिकत्व रद्द करण्याची कारवाई झाली. सरकारवर भरवसा ठेवून माणसाने व्यवसाय, घर, संसार उभा केला असताना तेच सरकार मागाहून शब्द फिरवू शकत नाही, या मुद्द्यावर ते झगडले आणि १९२६-२७ मध्ये जिंकले. अखेर २ जुलै १९४६ च्या कायद्याने भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला. त्यासाठी खटपट करणाऱ्यांत न्यूयॉर्कमधील कापडाचे व्यापारी जे. जे. सिंग अग्रणी होते. त्या वेळी प्रवेशाची मर्यादा होती वर्षाला १०० भारतीय. ती पद्धत मोडली १९६५ च्या कायद्याने. वैष्णोदासांच्या पत्नी कला बगाई पुढे नागरिक झाल्या. बर्कली शहरातील एका रस्त्याला आज त्यांचे नाव आहे.

शपथ

विल्यम्सबर्गहून वायव्येस दोन-अडीच तासांच्या मोटारप्रवासावर जेफरसन यांचे माँटिसेलो हे निवासस्थान आहे. सर्व माणसे समान आहेत असे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात लिहिणाऱ्या या गृहस्थाच्या मालकीत आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलाम होते. १९६३ पासून दरवर्षी ४ जुलैला याच घराच्या पायऱ्यांपुढे नव्या नागरिकांचा शपथविधी होतो. त्यांपैकी अनेक जण अशा देशांतून आलेले असतात, ज्यांतील लोकांना १७९० च्या कायद्याने दारातही उभे केले नसते.

शपथेच्या मजकुरात परकीय राजे व सत्ताधीश यांच्याविषयीची निष्ठा सोडण्याचे वचन आहे. वसाहतकाळाचा तो अवशेष होय. कायद्याने मागणी केल्यास शस्त्र धारण करण्याचेही वचन आहे. अहिंसेवर निष्ठा असणाऱ्या घरांत हे कलम अडखळायला लावते. १९२९ मध्ये रोझिका श्विमर या शांततावादी विदुषीला केवळ शस्त्र उचलणार नाही असे सांगितल्यामुळे नागरिकत्व नाकारले गेले होते. १९४६ मध्ये जिरुआर्ड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती भूमिका सोडली. आता धर्मश्रद्धेमुळे शस्त्र धारण करता येत नाही असे जो प्रामाणिकपणे सिद्ध करतो, त्याला त्या कलमाविना शपथ घेता येते. ही सवलत मागावी लागते, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमानुसार स्वेच्छेने परदेशाचे नागरिकत्व घेणारा भारताचा नागरिक राहत नाही. परदेशस्थ भारतीय नागरिक या नोंदणीने येणे-जाणे व राहणे सुलभ होते; परंतु मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. अमेरिकेचा नागरिक जगात कोठेही राहिला तरी त्याला जगभरच्या उत्पन्नाचे विवरण तेथील करखात्यास द्यावे लागते. परदेशातील बँकखात्यांतील एकत्रित शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरपलीकडे गेली, तर त्याचीही माहिती द्यावी लागते. वडिलांबरोबरचे संयुक्त खाते यातून सुटत नाही. शिवाय न्यायालयात ज्यूरी म्हणून बसण्याची पाळी येते.

नागरिकत्वाच्या परीक्षेत वसाहतकाळावरही प्रश्न विचारतात. मुले ती उत्तरे पुस्तिकेवरून पाठ करतात. शपथेच्या दिवसापूर्वी ज्या कुटुंबाला सवड काढता येईल, त्याने एक दिवस जेम्सटाउनच्या त्या चर्चमध्ये आणि पलीकडच्या पॉइंट कम्फर्टच्या किनाऱ्यावर घालवावा. भागीदारीत शिरताना कराराबरोबर पेढीच्या जुन्या वह्याही पाहण्याची व्यापारी घरांची रीत आहे. या भागीदारीलाही ती लागू पडते.